नळ सुटला की लागते: एका अंगणवाडीताईंच्या घाईच्या लघवीचं प्रकरण

ताई 51 वर्षांच्या, अंगणवाडी सेविका. नागपुरात नंदनवनच्या पुढच्या एका वस्तीत त्यांचं केंद्र आहे. ओळख पटेल असे बाकीचे तपशील इथे गाळले आहेत. स्त्रीरोगतज्ज्ञांच्या चिठ्ठीवर ‘ओव्हरअ‍ॅक्टिव्ह ब्लॅडर (भरण्याआधीच आवळणारं मूत्राशय), पेल्विक फ्लोअरचे (ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे) व्यायाम शिकवा’ एवढीच ओळ होती. संक्रांतीचं हळदीकुंकू सरता सरता त्या माझ्या फिजिओथेरपी क्लिनिकला आल्या. त्यांनी त्या वर्षी एकाही घरचं वाण घेतलं नव्हतं. बायका काय म्हणतील यापेक्षा जास्त भीती दुसऱ्याच्या घरच्या सतरंजीची होती.

त्यांचं म्हणणं त्यांच्याच शब्दांत: “लागली की लागलीच, मॅडम. थांबतच नाही. पोरांचे हात धुवून द्यायला नळ सोडला की इकडे माझं सुरू. काहून होऊन राहिलं हे?”

त्रास तीन वर्षांचा, गेल्या वर्षभरात वाढलेला. कळ अचानक यायची आणि बाथरूमच्या दारापर्यंत पोचेस्तोवर थेंब नव्हे, चांगली धार सुटायची. दिवसाला दोन पॅड लागायचे. खोकल्या-शिंकल्यावर फारसं काही नाही. पाळी जाऊन दोन वर्षं झालेली. दोन बाळंतपणं, पहिलं चिमटा लावून. रक्तदाबाची गोळी चालू, साखर नॉर्मल. लघवीची तपासणी स्वच्छ होती आणि सोनोग्राफीत लघवी करून आल्यावर पिशवीत जेमतेम 20 मिली उरत होतं. म्हणजे पिशवी नीट रिकामी होत होती. लघवीतून रक्त, ताप, पाय जड पडणं, बसण्याच्या जागी बधिरपणा यातलं काही नव्हतं. यातली एक जरी गोष्ट असती तर मी व्यायामाला हात न लावता त्यांना परत डॉक्टरांकडे पाठवलं असतं.

डॉक्टरांनी सुरुवातीला मूत्राशय शांत करणारी गोळी दिली होती. या गटातल्या जुन्या गोळ्यांनी घसा कोरडा पडतो आणि पोट साफ होत नाही. ताईंना दोन्ही झालं. बद्धकोष्ठता झाली की भरलेलं मोठं आतडं मूत्राशयावर रेलतं आणि घाई आणखी वाढते, त्यामुळे गोळीचा जो काही फायदा व्हायचा तोही कळेना. त्यांनी ती आपल्या मनानेच बंद केली होती.

मी पहिल्या भेटीत व्यायाम शिकवत नाही. तीन दिवसांची डायरी लिहून आणायला सांगते: किती वाजता काय प्यायलात, किती वाजता गेलात, किती झाली, कळ किती जोराची होती, गळली का. मापासाठी स्वयंपाकघरातला खुणांचा जुना प्लास्टिकचा मग चालतो, तो नंतर स्वयंपाकघरात परत न्यायचा नाही इतकंच. ताईंनी दोन दिवस घरचे मोजले. केंद्रावर मग नेणं शक्य नव्हतं, म्हणून तिसऱ्या दिवशी नुसत्या वेळा लिहिल्या. मुलांच्या हजेरीसारख्या रेघा मारून इतकी नीट डायरी आली की ती पुढे वाचायला सोपी गेली.

त्या डायरीत सगळं प्रकरण होतं. दिवसभरात तेरा वेळा लघवी. सकाळची पहिली 310 मिली, बाकी बारा वेळा सरासरी 90. रात्री दोनदा उठणं, दर वेळी 250च्या आसपास. ताईंना कुणीतरी सांगितलं होतं की तुमची पिशवीच लहान झाली आहे. पण जी पिशवी झोपेत 250 आणि पहाटे 310 मिली धरते ती लहान कशी? जागेपणी ती 90लाच रिकामी करायला लावते, एवढंच. मोठ्या माणसाच्या मूत्राशयात साधारण 400 ते 500 मिली मावतं. दीड-दोनशेला पहिली जाणीव होते आणि ती तासभर बाजूला ठेवता येते. भरेपर्यंत मूत्राशयाच्या भिंतीचा स्नायू सैल राहायला हवा. ताईंचा तो स्नायू अर्ध्या वाटेतच आवळत होता.

दुसरी गोष्ट पाण्याची. केंद्रावरचं टॉयलेट बेभरवशाचं, म्हणून सकाळी चहा सोडला तर दुपारी दोनपर्यंत घोटभर पाणी. घरी आल्यावर तहान भागवायला सव्वा लिटर, त्यातलं बहुतेक संध्याकाळी पाचनंतर. चहा दिवसातून सहा वेळा, शेवटचा नऊ वाजता. शिवाय रक्तदाबाच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध मिसळलेलं होतं आणि ती गोळी त्या रात्री जेवल्यावर घ्यायच्या. चोवीस तासांतल्या लघवीचा चाळीस टक्क्यांहून जास्त भाग रात्रीचा आणि पहाटेचा होता. रात्रीचं उठणं आणि दिवसाची घाई हे दोन वेगळे त्रास होते, एकाच नावाखाली बांधलेले. रात्रीचा त्रास ओटीपोटाच्या व्यायामांनी हलला नसता.

म्हणून पहिलं काम फिजिओथेरपीचं नव्हतंच. गोळीची वेळ मी बदलली नाही, तो माझा अधिकार नाही. डायरीची झेरॉक्स जोडून त्यांच्या फिजिशियनना चिठ्ठी दिली, त्यांनी गोळी सकाळी केली. स्त्रीरोगतज्ज्ञांनाही योनीच्या कोरडेपणाबद्दल कळवलं. पाळी गेल्यावर त्या भागातली त्वचा पातळ होते आणि त्यानेही घाई वाढू शकते. त्यांनी लावायचं इस्ट्रोजेन क्रीम सुरू केलं. पाण्याचं एकूण माप तेच ठेवलं, फक्त सकाळकडे सरकवलं. झोपण्याआधीच्या दोन तासांत जवळजवळ काही नाही. चहा एकदम तोडायला सांगितला तर डोकं दुखतं आणि चार दिवसांत माणूस परत सहा कपांवर येतो, म्हणून हळूहळू तीनवर आणला. रात्रीचा तेवढा लगेच बंद.

संत्र्यांवरून मात्र आमचा वाद झाला. शेजारणीने सांगितलं म्हणून ताईंनी हंगामात संत्रं सोडलं होतं, आणि नागपुरात डिसेंबर-जानेवारीत संत्रं सोडायचं म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. आंबट फळांनी काहींना त्रास होतो हे खरं, पण सगळ्यांना होत नाही. आठवडाभर बंद, आठवडाभर रोज दोन, आणि डायरीत बघायचं असं ठरवलं. काडीचा फरक पडला नाही. संत्री परत आली. ज्या पथ्याचा उपयोग डायरीत दिसत नाही ते पथ्य रुग्णाच्या गळ्यात बांधू नये असं माझं स्पष्ट मत आहे. आधीच या बायकांनी बरंच काही सोडलेलं असतं.

आतून तपासणी दुसऱ्या भेटीत, नीट समजावून आणि संमती घेऊन केली. पेल्विक फ्लोअर, म्हणजे ओटीपोटाच्या तळाशी झोळीसारखे पसरलेले स्नायू. त्यांची ताकद शून्य ते पाचच्या मोजपट्टीवर दोन भरली. आवळून धरणं चार सेकंद, त्यातही श्वास रोखलेला आणि पोट ताणलेलं. पण मला ताकदीपेक्षा दुसऱ्या गोष्टीची काळजी वाटली: सोडायला सांगितल्यावर स्नायू पूर्ण सुटत नव्हता. विचारल्यावर कळलं की मोबाईलवर बघून त्या कित्येक महिने रोज शंभर वेळा ‘आवळा-सोडा’ करत होत्या, तेही लघवी करताना धार मधेच तोडून. धार तोडून सराव करू नये. लघवी होताना मूत्राशय आवळायचं आणि तळ सैल सोडायचा हा शरीराचा क्रम आहे, तो रोज मोडला तर पिशवी अर्धवट रिकामी राहायची सवय लागू शकते.

‘केगल करा’, म्हणजे तळाचे स्नायू आवळा-सोडा, हा सल्ला आजकाल कुणीही देतं. खोकताना गळत असेल तर तो बऱ्याच अंशी बरोबर आहे. घाईच्या लघवीत नुसतं आवळणं मोजून फार काही हाती लागत नाही. तिथे प्रश्न असतो कधी आवळायचं आणि आवळल्यावर उभं कसं राहायचं याचा. ताईंनी शंभरचा आकडा रोज पूर्ण केला होता, पण नळ सुटला की त्या धावतच होत्या.

पहिले दहा-बारा दिवस फक्त सोडायला शिकवलं. पाठीवर झोपून, गुडघे वर घेऊन, श्वास आत घेताना पोट फुगू द्यायचं आणि तळ खाली सैल पडू द्यायचा. टॉयलेटमध्येही तेच. घरी भारतीय पद्धतीचं होतं, ते बरं. बाहेर कमोडवर मात्र त्या घाण वाटते म्हणून अर्धवट उभ्या राहून उरकायच्या. त्या अवस्थेत मांड्या आणि तळ दोन्ही ताठ राहतात, पिशवी पूर्ण रिकामी होत नाही. कागद अंथरा, पण बसा, एवढंच सांगितलं. मग आवळणं: हळू आवळून धरणं चार सेकंदांपासून वाढवत आठपर्यंत, प्रत्येकाच्या मधे तितकीच विश्रांती. आठ वेळा, दिवसातून तीनदा. शंभर नाही.

आता कळीचा भाग. घाईची कळ लाटेसारखी चढते, शिगेला जाते आणि ओसरते. शिगेला असताना धावलं की पोटाचा दाब वाढतो, तळ आवळता येत नाही, आणि बाथरूमचं दार दिसलं की मेंदू हिरवा कंदील देतो. उलट तळाचे स्नायू चटचट पाच-सहा वेळा आवळले तर पाठीच्या कण्यातल्या खालच्या केंद्रामार्फत मूत्राशयाच्या स्नायूला सैल पडायचा निरोप जातो. हे प्रतिक्षिप्त क्रियेतून घडतं, मनोबळाची परीक्षा नाही. तेव्हा कळ आली की जागच्या जागी थांबायचं, जमलं तर टेकायचं, पाच-सहा चटकन आवळण्या द्यायच्या, उभं असाल तर टाचा वर-खाली करायच्या, आणि डोक्याला दुसरं काम द्यायचं. कळ उतरली की मगच, चालत जायचं.

डोक्याला काम काय द्यायचं ते ताईंनीच शोधलं. उलटे पाढे त्यांना जमेनात. त्या मनातल्या मनात मुलांची हजेरी घेऊ लागल्या, पटावरच्या क्रमाने. अर्ध्या वर्गापर्यंत पोचेस्तोवर कळ बहुतेक ओसरलेली असायची. एकदा म्हणाल्या, “हे तं आमच्या पोरांसारखंच आहे जी. रडलं की लगेच खाऊ दिला तं रोजच रडते.” यापेक्षा चांगलं स्पष्टीकरण मला देता आलं नसतं.

नळाचं प्रकरण आधी क्लिनिकमध्ये आणि मग केंद्रावर सोडवावं लागलं. क्लिनिकच्या बेसिनचा नळ सोडून सराव करून घेतला: आधी मी नळ सोडायचा, त्यांनी खुर्चीवर बसून आवळायचं. मग त्या उभ्या. मग त्यांच्याच हाताने नळ, आणि सोडण्याच्या क्षणभर आधी एक घट्ट आवळणी. केंद्रावर मदतनीस बाईंना विश्वासात घेतलं. काही दिवस नळाशी त्या उभ्या राहिल्या आणि ताई मुलांची रांग लावत होत्या, आवाज कानावर पण हात लांब. नंतर दोघींनी जागा बदलल्या. पाण्याच्या आवाजाने कळ येते याचं हसू होतं, पण वर्षानुवर्षं एका आवाजामागोमाग लघवी होत गेली की मेंदू ती गाठ पक्की बांधतो. ती सुटायलाही सराव लागतो.

वेळांचं गणित असं ठेवलं. डायरीनुसार त्या बऱ्याचदा तासाच्या आत जात होत्या, म्हणून पहिला टप्पा एक तास. आठवडा बरा गेला की पंधरा मिनिटं वाढवायची. सलग दोन-तीन दिवस वाईट गेले तर मागच्या टप्प्यावर यायचं, त्यात हार मानायची नाही. रात्री मात्र हे नियम नाहीत. जाग आली तर उठायचं आणि जायचं, उगाच झोप मोडून तप करू नये. सगळ्यात अवघड होतं ‘आधीच जाऊन येणं’ सोडणं. घरातून निघताना, केंद्रावर पोचल्यावर, ऑटोत बसण्याआधी, प्रकल्प कार्यालयाच्या बैठकीला शिरताना. सीताबर्डीच्या मेट्रो स्टेशनला उतरल्या की आधी टॉयलेट, मग बर्डीचा बाजार. प्रत्येक वेळी शहाणपणाचीच वाटणारी ही सवय मूत्राशयाला 90 मिलीवर सुटी घ्यायला शिकवते. एकेक करून तोडली. ऑटोआधीची सगळ्यात शेवटी.

ब्रिटनच्या नाइस संस्थेच्या मार्गदर्शनातही अशा त्रासासाठी पहिला उपाय म्हणून मूत्राशयाचं प्रशिक्षण किमान सहा आठवडे द्यावं असंच आहे. आमच्याकडे पंधरा दिवसांत गुण आला नाही की पेशंट डॉक्टर बदलतो, त्यामुळे हे सहा आठवडे मी पहिल्याच दिवशी घरच्यांसमोर बोलून घेते.

जोडीला घोट्यापाशी विजेची उत्तेजना दिली. आतल्या घोट्यामागून जाणारी टिबियल नस पाठीच्या कण्यातल्या नसांच्या ज्या मुळांतून येते, त्यातलीच काही मुळं मूत्राशयालाही नसा पुरवतात. त्या नसेला हलकी उत्तेजना देत राहिलं की मूत्राशयाची अतिउत्तेजना कमी व्हायला मदत होते. सुईने करायचा प्रकार वेगळा. आम्ही कातडीवर पॅड लावून केलं, कोणत्याही फिजिओथेरपी क्लिनिकमध्ये असतं त्या टेन्सच्या मशीनवर. एक पॅड घोट्याच्या आत मागे, दुसरा त्याच्या 10 सेंटिमीटर वर, सेकंदाला 10 स्पंदनं (10 हर्ट्झ), प्रत्येक 200 मायक्रोसेकंदांचं, अर्धा तास, आठवड्यातून दोनदा, सहा आठवडे. पैंजण उतरवून ठेवायला सांगितलं होतं, जोडवी तशीच होती. जागा बरोबर सापडली की अंगठा आत वळतो किंवा बोटं थरथरतात. ताईंच्या बाबतीत मला अंगठ्याकडे निरखून पाहावं लागलंच नाही, जोडवं हलायला लागायचं. पेसमेकर असलेल्यांना आणि गरोदर बाईला हे मी देत नाही.

पहिला फरक रात्रीचा दिसला, दोनाचं एक झालं. त्याचं श्रेय गोळीच्या बदललेल्या वेळेला आणि नऊच्या चहाला, माझ्या मशीनला नाही. दिवसाचा फरक फेब्रुवारीच्या शेवटी जाणवू लागला. एप्रिलमध्ये परत तीन दिवसांची डायरी घेतली तेव्हा दिवसाला सात वेळा आणि एकदाही गळती नाही असा आकडा आला. ताई खूश. मी तेवढी खूश नव्हते. एप्रिलात पारा 42-43च्या पुढे, कूलर चालू, प्यायलेल्यातलं बरंच पाणी घामावाटे जातंय. उन्हाळ्यातल्या डायरीवर नागपुरात कुणी शेखी मिरवू नये. उलट त्या महिन्यात दोन-अडीच लिटर तरी पाणी प्यायलाच हवं हे मला दर भेटीला बजावावं लागलं. कारण इतक्या वर्षांची सवय अशी की लघवी कमी हवी तर पाणी कमी. लघवी घट्ट झाली की मूत्राशयाला टोचते, बद्धकोष्ठता होते, आणि आमच्याकडच्या उन्हात तर उष्माघाताचं वेगळंच.

मेच्या मध्यात त्यांचा फोन आला. “परत तसंच होऊन राहिलं, व्यायाम वाया गेले.” दोन दिवसांपासून दर अर्ध्या तासाला लागत होती. जळजळ होते का विचारलं, तर होते. म्हणजे हा जुना त्रास नव्हे. व्यायाम थांबवा, आधी लघवी तपासा असं सांगितलं. जंतुसंसर्ग निघाला, डॉक्टरांनी प्रतिजैविक दिलं, आठवड्याभरात गाडी पुन्हा रुळावर. अचानक उचल खाल्लेल्या घाईला नेहमीच जुना आजार समजून तीच औषधं आणि तेच व्यायाम चालू ठेवणं धोक्याचं आहे, हे घरच्यांनाही त्या निमित्ताने कळलं.

खरी परीक्षा जुलैत झाली. पावसाची झड, दमट गारवा, घाम नाही. मुद्दाम तेव्हाच डायरी परत लिहून घेतली: दिवसाला आठ वेळा, दर वेळी 200 ते 250, रात्री एकदा, कधी तेही नाही. तीन दिवसांत गळती नाही, आणि विचारल्यावर कळलं की पंधरा दिवसांतून एखाद वेळ थोडं ओलं होतं. ताकद चारवर आली होती आणि सोडणं पूर्ण. गळतीची आयसीआयक्यू ही छोटी प्रश्नावली असते, 0 ते 21 गुणांची, जितके जास्त तितका त्रास जास्त. जानेवारीत 15 होते, आता 5. पॅड आता फक्त पर्समध्ये असतो.

पहिल्या भेटीत ध्येय विचारलं तेव्हा ताई ‘कोरडं राहायचं’ म्हणाल्या नव्हत्या. त्यांना लेकीकडे अमरावतीला बसने जायचं होतं. तोवर मुलगा कारने न्यायचा आणि कोंढाळी, तळेगाव, तिवसा असे तीन थांबे ठरलेले. 2023च्या मार्चपासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, शेजारपाजारच्या सगळ्या जणी फिरून आल्या आणि या घरीच. राखीच्या आदल्या दिवशी त्या गणेशपेठ स्टँडवरून एकट्या बसल्या. तळेगावला बस थांबली तेव्हा उतरून आल्या. नंतर फोनवर थोड्या ओशाळून म्हणाल्या, “शेवटपर्यंत नाही ना धरलं, मॅडम.” दीड-दोन तासांनी, चहा पिऊन, बस थांबलेली असताना लघवीला जाणं याला आजार म्हणत नाहीत, असं मी सांगितलं.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. पावसात भिजत घरी येऊन किल्ली कुलपात घालताना येणारी कळ. नळाइतकीच ही गाठ जुनी आहे. सध्या त्या किल्ली बाहेर काढण्याआधी ओट्यावर दोन मिनिटं बसतात, आवळण्या देतात, मग कुलूप उघडतात आणि आत गेल्यावर थेट बाथरूमकडे न वळता आधी चपला, छत्री आवरतात. व्यायाम आता दिवसातून एकदाच, पण बंद नाही. थंडी पडल्यावर, पहाटेचा पारा दहाच्या आसपास आला की डिसेंबरात पुन्हा तीन दिवसांची डायरी घ्यायची ठरली आहे. त्यात घाई परत दिसली तर घोट्याची उत्तेजना काही आठवडे पुन्हा सुरू करू. तेवढ्याने भागलं नाही तर कोरड न पाडणाऱ्या नव्या गटातल्या गोळीबद्दल त्यांच्या डॉक्टरांशी बोलायचं आहे. ती गोळी रक्तदाब वाढवू शकते, म्हणून ते बोलणं त्यांच्या फिजिशियनना सोबत घेऊनच होईल.